करवंदाची उरलेली पाटी वाया घालवू नका : घरच्या घरी करवंदाचा जाम



वैशाख आला की सह्याद्रीच्या उतारावर, बांधावर आणि माळावर करवंदाच्या जाळ्या लदबदून जातात. या जाळीला कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी डोंगरची काळी मैना दरसाल भरभरून देते. पहाटे उठून, काट्यांचे ओरखडे सोसून आपल्या बायामाणसं पाटी भरतात आणि घाटरस्त्याला नाहीतर स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणात विकायला बसतात. पण संध्याकाळी पाटीत जे उरतं त्याचं काय? पिकलेलं करवंद दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. म्हणजे दिवसभराची मेहनत उकिरड्यावर जाते. वळवाचा पाऊस झाला की झाडावरचं फळही किडायला लागतं.

या उरलेल्या पाटीचा जाम करता येतो. तो नीट केला तर पुढच्या वैशाखापर्यंत टिकतो. पण पुष्कळ जणींचा अनुभव असा की जाम पातळ राहतो, नाहीतर श्रावणात त्याला बुरशी येते. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

जाम कशानं बसतो आणि कशानं टिकतो?

जामात तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. पहिली गोष्ट पेक्टिन. फळाच्या सालीत आणि गरात हा चिकट पदार्थ असतो आणि त्यानंच जाम घट्ट होतो. दुसरी गोष्ट आंबटपणा, कारण त्याच्याशिवाय पेक्टिन धरत नाही. तिसरी गोष्ट साखर. जाम टिकतो तो साखरेमुळे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढायला पाणी उरत नाही.

करवंदाला निसर्गानं पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही दिलेले आहेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. फळ पिकत जातं तसे हे दोन्ही कमी होत जातात. म्हणून नुसत्या काळ्याभोर, मऊ करवंदांचा जाम पातळ राहतो. आणि सगळीच लाल, कच्ची करवंदं घेतली तर आंबटपणा जास्त होऊन जामाला पाणी सुटतं. तेव्हा तीन भाग पिकलेली काळी आणि एक भाग लालसर, अर्धवट पिकलेली करवंदं घ्यावीत. काळी चव आणि रंग देतात, लाल घट्टपणा देतात.

साहित्य

करवंदं २ किलो (दीड किलो काळी, अर्धा किलो लालसर), पाणी अर्धा लिटर, आणि साखर गराच्या वजनाइतकी. एका वेळी याहून जास्त घेऊ नका. मोठं पातेलं आटायला फार वेळ लागतो आणि उगाच उकळत राहिलं की पेक्टिन मोडतं.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं घ्यावं. तांब्याचं, कल्हई उडालेलं पितळेचं, लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नको. करवंदाचा आंबटपणा धातूला लागतो, रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

कृती

१. फळं निवडा. किडकी, फुटकी, आंबलेली काढून टाका. देठ काढताना पांढरा चीक निघतो, म्हणून हाताला थोडं गोडं तेल लावा. मग दोन-तीन पाण्यांनी धुवा.

२. पातेल्यात फळं आणि पाणी घालून मंद आचेवर शिजवा. साली अगदी मऊ झाल्या पाहिजेत. पळीनं ठेचत राहा. या वेळी साखर घालू नका. साखर आधी पडली तर साली चिवट होतात आणि पेक्टिन पुरतं सुटत नाही.

३. शिजलेली फळं बारीक जाळीच्या स्टीलच्या पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. बिया वर राहतील, गर खाली येईल.

४. गराचं वजन करा. १ किलो गराला १ किलो साखर. करवंद फार आंबट, तेव्हा एवढी साखर लागतेच. काटकसर म्हणून साखर कमी केली तर पावसाळ्यात जाम हमखास बिघडतो.

५. रिकाम्या पातेल्याचं वजन करून लिहून ठेवा. गर आणि साखर त्यात घालून आधी मंद आचेवर साखर विरघळवा, मग आच मोठी करा. सारखं ढवळा. जाम उडतो आणि भाजतो, म्हणून लांब दांड्याची पळी घ्या आणि मुलांना लांब ठेवा.

जाम झाला हे कसं ओळखावं?

घड्याळावर जाऊ नका. फळ, आच आणि पातेलं दर वेळी वेगळं असतं. पुढीलपैकी दोन परीक्षा तरी कराव्यात.

ताटलीची परीक्षा : गार पाण्यावर ठेवलेल्या ताटलीत जामाचा थेंब टाका. मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली की जाम झाला. परीक्षा होईपर्यंत पातेलं खाली उतरवून ठेवा.

पळीची परीक्षा : पळी आडवी धरा. सुटे सुटे थेंब पडले तर अजून वेळ आहे. थेंब एकमेकांना मिळून पडद्यासारखे पडले की झालं.

वजनाची परीक्षा : जामाचं वजन साखरेच्या दीडपट झालं की उतरवा. १ किलो साखर घातली असेल तर दीड किलो जाम.

उष्णतामापक असेल तर १०५ अंश सेल्सिअस. पण हा आकडा समुद्रकाठचा. उंचावर पाणी लवकर उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथं १०५ अंशाची वाट पाहिली तर जाम दगडासारखा होईल. म्हणून आपल्या गावी साधं पाणी किती अंशाला उकळतं ते बघा आणि त्यात ५ अंश मिळवा.

बाटल्या भरणे

काचेच्या बाटल्या साबणानं धुऊन पंधरा मिनिटं पाण्यात उकळा. फिरकीची, न गंजलेली झाकणं घ्या. बाटली लाकडी पाटावर ठेवून गरमागरम जाम भरा. थंड फरशीवर ठेवली तर तडकते. वर अर्धा सेंटिमीटर जागा ठेवा, काठ पुसा, झाकण लावा आणि बंद बाटल्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवा. पूर्वी जामावर वितळलेलं मेण ओतायची पद्धत होती. तसं आता करू नये; मेण सुटतं आणि खाली बुरशी धरते. बाटलीवर तारीख लिहा. जाम काढताना चमचा कोरडा असावा.

काय चुकलं?

पातळ राहिला : फळं फार पिकलेली होती किंवा आटवणं कमी झालं. पुन्हा आटवून परीक्षा करा. फळं फार पिकलेली असतील तर आटवताना लिंबाचा रस घाला.

साखर बसली : साखर जास्त झाली किंवा जाम फार आटला.

पाणी सुटलं : लाल, कच्ची फळं जास्त पडली.

बुरशी आली : साखर कमी, बाटली ओली किंवा झाकण सैल. अशी बाटली पूर्ण टाकून द्या. वरची बुरशी चमच्यानं काढून खालचा जाम मुलांना देऊ नका. वरून दिसत नसलं तरी विष आत उतरलेलं असू शकतं.

विकायचा असेल तर

घरात खायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाजारात न्यायचा असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून तो क्रमांक बाटलीवर छापावा लागतो. जामात निदान ४५ टक्के फळ आणि ६५ टक्के विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, असावेत असं मानक आहे. वर दिलेलं प्रमाण पाळलंत तर त्यात तुमचा जाम बसतो. बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून काटा, पुरणयंत्र आणि बाटल्या घेतल्या तर खर्च वाटला जातो.

शेवटी एक सांगणं. फळं तोडताना फांद्या मोडू नका, जाळी तोडू नका, आणि थोडी फळं पाखरांना ठेवा. तीच पाखरं बी पसरवतात. जाळी राहिली तर पुढच्या वर्षीही पाटी भरेल.

हे पत्रक स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवा. पहिली खेप दोन किलोचीच करा. ती जमली की मग संध्याकाळी उरलेल्या पाटीची काळजी राहणार नाही.