भाकरीचा तवा वेगळा

पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते. स्वयंपाकघरातला हा रोजचा फरक गव्हातल्या प्रथिनांमुळे पडतो. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ही प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि त्यांचं लवचिक जाळं होतं. म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही, पुरण भरून लाटली तरी फाटत नाही. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलं तर पिठूळ भाग धुऊन जातो आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ते ग्लूटेन. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीच्या पिठाला कढत पाणी लागतं आणि पिठाची विरी गेली की भाकरीला चिरा पडतात. बहुतेकांना ग्लूटेन विनातक्रार पचतं, पण जगभरात शंभरातल्या साधारण एका माणसाला ते आयुष्यभर वर्ज्य असतं. त्या आजाराचं नाव सेलिअ‍ॅक. या आजाराला जे धान्य लागतं ते मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि जी शिस्त लागते तीही आहे. कमी पडते ती एवढीच जाण, की इथे ‘थोडंसं’ हे माप नाही.

या आजाराला सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. तो शब्द दिशाभूल करतो. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि ते खाल्ल्यावर लगेच कळतं. सेलिअ‍ॅकमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. ग्लूटेनचे काही तुकडे पाचकरसांना पुरते तोडता येत नाहीत. विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाच्या पेशी त्या तुकड्यांना शत्रू समजतात, आणि त्या लढाईत आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. अन्नरस शोषला जातो तो याच उंचवट्यांमधून. ते झिजले की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. मूल चार घास नीट खातं, तरी त्याची उंची वाढत नाही. बाईला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. कुणाची हाडं अकाली ठिसूळ होतात, कुणाला तोंड येण्याचा त्रास सरत नाही, कुणाला मूल राहत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही लक्षणं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ती प्रत्येकात दिसतीलच असं नाही.

दोष गव्हाचा, हे कळायला फार काळ गेला. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये मुलांमधल्या या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय झालाच तर आहारानेच होईल, असंही सांगून ठेवलं. कोणता आहार, ते त्यांना सापडलं नाही. ते कोडं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने सोडवलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. माणसं ट्यूलिपचे कंद खाऊन जगली. पाव मिळेनासा झाला तेव्हा आजारी मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा ढासळली, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. डिके यांना गव्हाचा संशय युद्धाच्या आधीपासून होता. दुष्काळाने त्या संशयाला बळ दिलं आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी मुलांच्या आहारात धान्यं बदलून, मोजमापं घेऊन तो सिद्ध केला. दुष्काळाच्या दैवयोगाइतकंच श्रेय या चिकाटीलाही द्यायला हवं.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं,’ हा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रक्तात सेलिअ‍ॅकची प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघं ०.१० टक्के निघालं. आजाराला वाव देणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच, तिघांत एकाच्या आसपास लोकांमध्ये आढळली. दक्षिणेत गव्हाचा रोजचा सरासरी खप २५ ग्रॅम होता, उत्तरेत ४५५ ग्रॅम. ईशान्येत गहू थोडाच खाल्ला जातो, तरी आजार बऱ्यापैकी आढळतो, म्हणजे सगळा हिशेब गव्हाच्या वजनावर सुटत नाही. पण जनुकं ताटात गहू येईपर्यंत गप्प राहू शकतात, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. भाकरी मागे पडून जिथे दोन्ही वेळा पोळी आली, त्या महाराष्ट्राने हे आकडे गांभीर्याने घ्यायला हवेत. ‘पूर्वी नव्हतं’ या वाक्यात पूर्वीचं ताटही धरायचं असतं.

आजार ओळखला न जाण्याचं मोठं कारण म्हणजे त्याची लक्षणं आपल्याकडे कुणाला वेगळी वाटतच नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. या गर्दीत जिचं आतडंच लोह शोषत नाही, ती बाई हरवून जाते. खुरटलेल्या मुलाची ‘अंगकाठीच तशी’ म्हणून समजूत घातली जाते आणि त्याला दुधातून माल्टची पावडर सुरू होते. माल्ट बहुधा जवाचं असतं, आणि जवातही ग्लूटेनसारखंच घातक प्रथिन आहे. म्हणजे वाढीसाठी दिलेलं पेयच वाढ रोखत राहतं. वास्तविक पहिली तपासणी सोपी आहे: रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं पाहायची, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायचा. अट एकच, आणि ती कळकळीने सांगावीशी वाटते: तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर प्रतिपिंडं ओसरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि निदान हुकतं. घरात एकाला हा आजार निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करावी, कारण त्यांच्यात त्याची शक्यता बरीच जास्त असते.

निदान झाल्यावर डॉक्टर औषध देत नाहीत, पथ्य देतात, आणि इथेच आपल्या भाषेतला हा शब्द आड येतो. पथ्य म्हणजे चार दिवस तेलकट नको, आंबट नको. बरं वाटलं की सुटलं. सणावारी थोडं मोडलं तरी कुणी मनावर घेत नाही. सेलिअ‍ॅकचं पथ्य जन्माचं आहे आणि तेच औषध आहे. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय?’ याचं उत्तर हिशेबाने देता येतं. एका मध्यम पोळीत सुमारे दोन ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग, बोटाच्या पेराएवढाही नाही. शिवाय त्या घासानंतर पोट दुखेलच असं नाही. काही झालं नाही म्हणून हात पुन्हा पुढे होतो आणि आतडं मुकाट्याने झिजत राहतं.

म्हणूनच खरी अडचण धान्याची नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, सगळ्या डाळी ग्लूटेनमुक्त आहेत. रुग्णाला कमी पडतं ते कॅल्शियम नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे. बाजारातली ‘ग्लूटेन-फ्री’ बिस्किटं महाग असतात, त्यांत बहुधा साखर जास्त आणि चोथा कमी. त्यांच्यापेक्षा भाकरी सरस आहे, यात मला शंका नाही. मात्र ती भाकरी गिरणीतून येते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर ज्वारी दळली की मागचं पीठ तिच्यात उतरतं. घरघंटी असेल तर हा प्रश्न मिटतो. नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून गिरणीवाल्याला वेगळ्या जात्यावर दळायला सांगावं लागतं. मग तवा आहे, परात आहे, पोळपाट आहे, पोळ्या लाटताना उडणारी पिठी आहे. आणि हिंग आहे. डबीतला बांधणीचा हिंग पुष्कळदा मैद्यात बांधलेला असतो. डबीवर घटक छापलेले असतात, पण हिंगाची डबी वाचतो कोण? चिमटीतला मैदा अगदी थोडा, हे खरं. पण वरणात, भाजीत, ताकात, लोणच्यात, रोज दोन्ही वेळा तो पोटात जातो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणावा.

आणखी एक समजूत इथे खोडून काढायलाच हवी. ‘साधा गहू नको, खपली चालेल,’ असा सल्ला खात्रीने दिला जातो. खपली हा जुना, चवदार गहू आहे आणि इतर कारणांसाठी कुणी तो खात असेल तर माझी तक्रार नाही. पण तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, आणि सेलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो वर्ज्य आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया आणि सातूचं पीठ यांनाही हेच लागू. दुसऱ्या टोकाला, वजन उतरवायला किंवा हलकं वाटावं म्हणून गहू सोडणारी मंडळी आहेत. ज्यांना आजार नाही त्यांनी गहू सोडण्याचं कारण मला दिसत नाही. ज्वारी आवडीने खावी. गव्हाला शत्रू ठरवू नये. या लाटेमुळे खऱ्या रुग्णाचं नुकसान होतं. त्याची गरज हॉटेलात आणि लग्नघरात इतरांच्या हौसेत जमा होते, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून वाढलेली भाकरी पोळीच्याच तव्यावर भाजलेली असते.

‘एवढं वेगळं वेगळं घरात कोण सांभाळणार?’ हा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण हे ओझं बहुतेक घरांत एकट्या बाईच्या डोक्यावर येतं. पण आपली घरं ही शिस्त एकादशीला पाळतातच. वरई, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ यांचे डबे निराळे असतात, चमचा इकडचा तिकडे जात नाही, आणि चुकून उष्टा हात लागला तर पदार्थ बाजूला ठेवला जातो. ‘कणभराने काय उपास मोडतो?’ असं आजीला कुणी विचारत नाही. तोच काटेकोरपणा मुलाच्या आतड्यासाठी रोज लागतो, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळायचा आहे. प्रसादाचंही तसंच. सत्यनारायणाचा शिरा नाकारणाऱ्या मुलाला देवाचा अपमान केल्याचं ऐकवलं जातं, तेव्हा त्याच पूजेत पेढा, केळं, पंचखाद्य हाताशी असतं. गणपतीचा उकडीचा मोदक तर तांदळाचाच.

दिवाळीच्या फराळातही अर्धं ताट त्याचंच आहे: बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, अनारसे, शेव आणि गहू न घातलेल्या भाजणीची चकली. करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, रव्याचे लाडू नाहीत. फक्त क्रम सांभाळावा लागतो. घासलेल्या कढईत ताजं तेल घालून आधी चकली आणि शेव तळावी, स्वच्छ झाऱ्याने काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून डब्यावर मुलाचं नाव लिहावं, आणि मैद्याचं पुडकं त्यानंतरच फोडावं.