उपाशी ठेवायची बाग

बागकाम म्हटलं की आपला हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. घटपर्णीच्या बागेत तो बांधून ठेवावा लागतो.

सॅरासेनिया ही उत्तर अमेरिकेतली घटपर्णी. तिच्या बहुतेक जाती फ्लोरिडा, अलाबामापासून उत्तर कॅरोलिनापर्यंत, पाइनच्या विरळ रानांतल्या दलदलीत वाढतात. तिथली जमीन आम्लधर्मी, सदा ओली आणि नत्राच्या बाबतीत कंगाल. मुळांना मिळत नाही ते इथे पानं कमावतात. पानाचीच उभी सुरई होते: काठावर मध, आत गुळगुळीत भिंत, त्याखाली खालच्या दिशेने वळलेले केस. माशी घसरली की परतीची वाट बंद.

घरी बाग करायची तर ही गरिबीच उभी करायची. फूट-दीड फूट खोल टब घ्यावा. भोक तळाला न पाडता काठाखाली चार-पाच बोटांवर, बाजूला पाडावं. आत पीट मॉस आणि धुतलेली वाळू किंवा परलाइट. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यांतलं काही नको. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस साधारण ५०च्या आत. बोअरचं पाणी घातलं तर क्षार साचत जातात आणि झाड कुढत मरतं. ऊन मात्र भरपूर हवं, निदान सहा तास.

अडतं ते हिवाळ्यापाशी. या झाडाला तीन-चार महिने थंडीतली झोप लागते. अटलांटाकडच्या मराठी घरांच्या अंगणात ती फुकट मिळते, मुंबईच्या बाल्कनीत नाही. हौसच असेल तर आपण कासच्या पठारावर जाऊन गवती दवबिंदू बघावा. तिथल्या जांभ्यावरच्या नापीक मातीत तोही किडे धरूनच नत्राची तूट भरतो. बघावा फक्त, उपटू नये.

सॅरासेनिया पर्प्युरिया ही जात कॅनडापर्यंत पोचते. तिच्या पानावरचं झाकण उभं असतं, त्यामुळे आत पावसाचं पाणी साठतं. पाणी साठलं की डास, ही आपली रास्त शंका. डास असतातच, पण त्यांतला वायोमिया स्मिथी याच पानांतल्या पाण्यात वाढतो आणि उत्तरेकडच्या त्याच्या माद्या रक्त पीत नाहीत. एका चिलटाच्या अळ्या बुडालेले किडे कुरतडतात, उरलेल्या चुऱ्यावर जिवाणू वाढतात, डासाच्या अळ्या ते जिवाणू गाळून खातात आणि सुटलेलं नत्र पान शोषून घेतं. शिकार करणारं झाड पचनाचं बरंचसं काम असं भाडेकरूंकडून करून घेतं! कॅनडातल्या अल्गोनक्विन पार्कात तर या पानांत सॅलॅमँडरची पिल्लंही अडकलेली सापडली. तो अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला.

मूळच्या रानात अधूनमधून वणवा लागतो. तो सावली धरणारी झुडपं जाळतो, घटपर्णी मात्र जमिनीतल्या खोडातून पुन्हा फुटते. घरी ते काम कात्रीचं. हिवाळा सरता सरता वाळलेल्या सुरया बुडाशी छाटायच्या. सॅरासेनिया फ्लावासारख्या जातींत त्यानंतर आधी फुलांचे दांडे वर येतात आणि नव्या सुरया मागाहून उघडतात, तोवर मधमाश्यांचं परागीभवनाचं काम उरकलेलं असतं.