जीवामृताचं सामान : ठोक घ्यायचं, पण ठेवायचं कसं?



जीवामृत हे नाव आपल्याला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते गावोगाव पोहोचवलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उसाला त्याचा किती फायदा होतो, हा वाद आज बाजूला ठेवू. आमचं सांगणं एवढंच, की करायचं तर सामान चांगलं हवं, आणि वर्षाचं एकदम घेतलं तर ते वर्षभर टिकायला हवं.

आधी हिशोब पाहा. एकराला एका वेळी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. शेण, गोमूत्र, माती घरची. पैसा जातो तो गुळाला आणि बेसनाला. महिन्यातून एकदा म्हटलं तरी ५ एकराला वर्षाकाठी १२० किलो गूळ आणि १२० किलो बेसन होतं. चार सभासदांनी मिळून ठोक घेतलं तर स्वस्त पडतं, हे खरं. पण जुलैत गुळाला पाणी सुटलं आणि ऑगस्टात बेसनात अळी झाली, की ती बचत तिथंच बुडाली. माल नुसता जुना झाला म्हणून नासत नाही. त्याला नासवते ती ओल, उष्णता आणि मोकळी हवा.

गूळ. साखर पोत्यात कोरडी राहते, मग गूळच का पाझरतो? गुळात साखरेसोबत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार असतात. ते पावसाळी हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून हिवाळ्यात कडक, कोरडी भेली पाहून घ्यावी. मृग लागण्याआधी प्रत्येक भेली जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून तोंड घट्ट बांधावं, आणि घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावी. कोठी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. एक भेली संपल्याशिवाय दुसरी उघडू नये. थोडा पाझरलेला गूळ जीवामृताला चालतो. पण आंबूस वास येत असेल तर त्यातली साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते. आपल्या ड्रममधल्या जंतूंना मग काय उरणार?

बेसन. आमचा सल्ला, बेसन साठवूच नका. अख्खा हरभरा साठवा आणि महिन्यापुरता दळून आणा. दाण्याचं टरफल हेच त्याचं झाकण. दळलं की हवा लागते, पीठ खवट होतं, कीड लागते. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोकही मोड आणून वाळवलेलं जव पोत्यानं घेतात, पण अख्खंच ठेवतात. भरडतात ते पेय चढवण्याच्या दिवशी.

हरभऱ्यातला भुंगा दाण्यावर अंडी घालतो आणि अळी आतून खाते. गोल भोक दिसेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. म्हणून एप्रिलच्या उन्हात दाणा असा वाळवावा की दाताखाली कटकन फुटेल. गरम दाणा लगेच भरू नये, आतल्या आत घाम सुटतो. थंड करूनच भरावा. दर पंधरवड्याला हात घालून पाहावं. मात्र अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच टाकू नका. ओल लागताच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो माणसाचा जीव घेतो.

जीवाणूंची पाकिटं. बेण्याला लावायची पाकिटंही बरेच जण एकदम आणून ठेवतात. यातला अॅसिटोबॅक्टर ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली उसातच शोधला. २००६ पासून जीवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यानुसार पावडरीत ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत जीवाणू हवेत. पण पाकिटावरची तारीख खरी ठरते ती माल थंड जागी ठेवला तरच. नागपूरचा मे महिना ४५ अंशाला जातो. टिनाच्या शेडमध्ये, युरियाच्या पोत्याशेजारी ती पाकिटं मरतात. मेलेलं आणि जिवंत पाकीट हाताला सारखंच लागतं, आणि बेणं बुडवण्याची संधी एकदाच येते. पुढे ऊस वर्षभर रानात उभा असतो. तेव्हा लागणीपुरतीच पाकिटं, लागणीच्या तोंडावर आणावीत. चार दिवस ठेवायची वेळ आलीच, तर ओल्या वाळूत माठ बसवून, आतून कोरडा ठेवून, वर झाकण घालून सावलीत ठेवावीत.

शेवटी दोन गोष्टी. प्रत्येक कोठीवर खडूनं तारीख लिहा. आधी आणलेलं आधी वापरा. आणि तयार जीवामृत मात्र साठवायची वस्तू नव्हे. सावलीत ४८ तास ठेवून, पुढच्या ७ दिवसांत ते रानात गेलंच पाहिजे. एवढं पाळलं तर ठोक घेतल्याचा फायदा सभासदाच्या घरात राहील. पुढच्या खरेदीआधी कोठी, झाकणं आणि फळ्या एकदा तपासून घ्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास विभाग