घरगुती बजरीगार पक्ष्यांची निगा व वीण

पक्षी पाळण्याची हौस खेड्यांतून पूर्वापार चालत आलेली आहे. ओसरीवर टांगलेला पिंजरा आणि त्यातील राघू हे दृश्य एके काळी अनेक घरी दिसे. झाडाच्या ढोलीतून पिले काढावयाची व ती हाताने वाढवावयाची, अशी त्यामागील रीत होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राघू, पहाडी पोपट इत्यादी देशी पोपट पकडणे, विकणे अगर घरी बाळगणे हा आता गुन्हा आहे. ज्या कुटुंबांस पक्ष्याची हौस आहे त्यांना ढोलीकडे वळू न देता बजरीगार हा पर्याय सुचविण्यास हरकत नाही. हा पक्षी मूळचा परदेशी असून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच निपजत आलेला आहे. त्यास देशी पोपटांसंबंधीची ही बंदी लागू नाही. बाजारात त्याला ‘लव्ह बर्ड’ म्हणून विकतात, ते नाव मात्र चुकीचे आहे. खरा लव्ह बर्ड हा आफ्रिकेतील निराळा, आखूड शेपटीचा पक्षी होय.

आठवडी बाजारातून हौसेने जोडी आणावी आणि दोन-तीन महिन्यांत ती मरावी, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वास्तविक नीट निगा राखल्यास हा पक्षी पाच ते आठ वर्षे सहज जगतो. त्याच्या अकाली मरणाची कारणे बहुधा साधी असतात. ती समजण्यासाठी त्याचे मूळ स्थान प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

बजरीगार हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या माळरानांचा रहिवासी आहे. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगार इंग्लंडमध्ये नेले व तेथून त्यांचा प्रसार झाला. रानातील पक्षी हिरवा व पिवळा असतो. निळे, पांढरे व केवळ पिवळे पक्षी ही पैदाशीतून पुढे आलेली रूपे आहेत. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर आणि रानटी पक्ष्याचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. हे पक्षी थव्याने राहतात व गवताच्या बियांच्या शोधात दूरवर भटकतात. पाऊस पडून गवताला दाणा धरला, की मिळेल त्या झाडाच्या ढोलीत ते अंडी घालतात. दाणा संपला की वीणही थांबते. घरी मात्र वाटीतील दाणा कधीच संपत नाही, आणि येथेच पुढील पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ आहे.

पक्षी थव्यात राहणारा असल्याने एकटा ठेवू नये. निदान जोडी असावी. नर-मादीची ओळख चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती असलेल्या मांसल पट्ट्यावरून पटते. प्रौढ नराचा पट्टा निळा, तर मादीचा तपकिरी असतो. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या नरात तो गुलाबी-जांभळटच राहतो, त्यामुळे तेथे फसगत होते. कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की त्या नाहीशा होतात. खरेदीच्या वेळी रेघा असलेला, चपळ, स्वच्छ शेपटीचा पक्षी निवडावा. फुगून बसलेला पक्षी दयेपोटीदेखील घेऊ नये, कारण तो घरातील इतरांस रोग देऊ शकतो.

पिंजरा

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण पक्षी आडवा उडतो. एका जोडीस ६० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच पिंजरा हे किमान माप समजावे. तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. त्यामुळे उंदीर व साप यांनाही प्रतिबंध होतो. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी वापरण्यापूर्वी व्हिनेगर लावून ब्रशाने घासून धुवावी, कारण पक्षी तार चावतो व सुटे जस्त त्यास विषारी ठरते. बसण्यासाठी गुळगुळीत दांडीऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या बांधाव्यात.

पिंजरा चुलीच्या धुरापासून दूर, एका बाजूस भिंतीचा आडोसा मिळेल असा टांगावा. नॉनस्टिक तवा फार तापल्यास त्यातून निघणारी वाफ या पक्ष्यांना काही मिनिटांत मारते. म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा मुळीच नको. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी पिंजऱ्याच्या एका बाजूस ओले गोणपाट सोडावे व उथळ ताटलीत अंघोळीचे पाणी ठेवावे. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागला, तर ते उष्माघाताचे लक्षण होय.

खाद्य

राळा, वरी व बाजरी हे या पक्ष्याचे मुख्य खाद्य. सर्वांत आवडता राळा. धान्य सालासकट द्यावे. पक्षी दाणा स्वतः सोलून खातो. येथे एक चूक सर्रास होते. सोललेली फोलपटे वाटीतच साठतात व वाटी भरलेली दिसते. घरातील माणसे खाणे आहे असे समजतात आणि पक्षी भरल्या वाटीपुढे उपाशी मरतो. इतक्या लहान शरीरात साठा नसतो. एक-दोन दिवसांचा उपास त्यास पुरेसा घातक आहे. म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर घालून फोलपटे उडवावीत व खाली खरोखर दाणा किती उरला ते पाहावे. एका पक्ष्यास दिवसाला एक ते दोन चहाचे चमचे धान्य लागते.

शेतकरी कुटुंबांनी विशेष सावध राहावयाचे ते पेरणीच्या उरलेल्या बियाण्याबाबत. बाजरीच्या पिशवीतील बियाण्यास औषध चोळलेले असते व तो रंगीत दाणा पक्ष्यास विष आहे. धुऊन घेतला तरी तो देऊ नये. फवारणी झालेल्या वाफ्यातील भाजीही तशीच वर्ज्य समजावी.

नुसत्या दाण्यावर पक्षी जगतो, पण निरोगी राहत नाही. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर यांपैकी काहीतरी रोज द्यावे. आठवड्यातून दोनदा मोड आलेली बाजरी द्यावी. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्यास बांधून ठेवावा. हा काष्ठौषधींच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि मादीच्या जिवाच्या दृष्टीने त्याची किंमत फार मोठी आहे. चहा, बिस्किटे, तळलेले व खारट पदार्थ, चॉकलेट व अ‍ॅव्होकॅडो देऊ नयेत.

वीण

मादी एक वर्षाची होईपर्यंत घरटे देऊ नये. घरट्यासाठी बाजूस चार सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडलेले मडके आपल्याकडे वापरतात. त्याचा गोल तळ अंड्यांस सोयीचा असतो. मात्र तो गुळगुळीत असल्याने पिलांचे पाय फाकून अधू होतात. यासाठी तळाशी कोऱ्या लाकडाचा भुसा दोन बोटे घालावा. झाकण उघडता येणारी, तळास खोलगट वाटी कोरलेली लाकडी पेटी अधिक बरी, कारण आत पाहणी करता येते.

मादी एक दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. ती एकटीच उबवते व नर तिला भरवतो. अठरा दिवसांनी पिले बाहेर पडतात, तीही एक दिवसाआड. त्यामुळे पहिल्या व शेवटच्या पिलात आठ-दहा दिवसांचे अंतर पडते आणि सर्वांत धाकटे पिलू कधी चेंगरते. सुमारे दहाव्या दिवशी डोळे उघडतात. तीस ते पस्तीस दिवसांनी पिले घरट्याबाहेर येतात. पुढे आठवडाभर बाप त्यांना भरवतो. सहा आठवड्यांची झाल्यावर व स्वतः दाणा सोलताना प्रत्यक्ष पाहिल्यावरच ती वेगळी करावीत. एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या असल्यास जोड्यांपेक्षा मडकी जास्त असावीत व सर्व एकाच उंचीवर टांगावीत. वरच्या मडक्यासाठी माद्या जिवावर उठून भांडतात.

आता थांबण्याविषयी. दाणा व घरटे दोन्ही असेपर्यंत जोडी विणतच राहते. माळरानावर जो विराम दुष्काळ देतो, तो घरी माणसाने दिला पाहिजे. वर्षात दोन विणी पुरेत. दुसरी पिले निघताच मडके काढून घ्यावे व निदान चार-पाच महिने परत देऊ नये. सलग विणणाऱ्या मादीच्या अंगातील चुना संपतो आणि अंडे आतच अडकते. अशी मादी तळाशी फुगून बसते व कुंथते. तिला दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ऊब देऊन तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

आजार

थव्यातील दुबळ्या पक्ष्यावर शिकारी पक्षी झडप घालतात, म्हणून आजार लपविणे हा बजरीगाराचा स्वभावच आहे. दिवसा फुगून झोपणे, श्वासागणिक शेपटी हलणे, विष्ठा पातळ होणे ही चिन्हे दिसली म्हणजे आजार आधीच वाढलेला असतो. पिंजरा अर्धा झाकून ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब द्यावी. हल्लीच्या एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही; जुना तारेचा दिवा किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली वापरावी. चोचीभोवती जाळीदार पांढरट खपली धरणे हा सूक्ष्म किडीचा उपद्रव असून पशुवैद्याच्या औषधाने तो बरा होतो.

सिटॅकोसिस हा जिवाणूंमुळे होणारा रोग पक्ष्यांपासून माणसास होऊ शकतो. यासाठी नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा, वाळलेली विष्ठा पाणी शिंपडून मगच काढावी व नंतर हात धुवावेत. घरात कोणास ताप व कोरडा खोकला आल्यास पक्षी पाळल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

कुक्कुटपालनाप्रमाणे हा जोडधंदा होईल काय, असे पुष्कळ जण विचारतात. त्या हिशेबाने यात पडू नये. गावात दोघा-चौघांनी पैदास केली की मागणी सरते, आणि दुकान मांडून विक्री करावयाची तर २०१८ च्या पाळीव प्राणी विक्री दुकानांसंबंधीच्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. मडके टांगण्यापूर्वीच पिले कोणाकडे द्यावयाची ते ठरवावे. जास्त झालेली पिले मोकळी सोडून देणे म्हणजे त्यांना मारणेच होय. पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्यास दाणा कोठे शोधावा व ससाण्यापासून कसे वाचावे हे ठाऊक नसते.