‘आपली डिग्री तिकडे चालते का?’

परदेशी नोकरीच्या खटपटीला लागलेल्या पुणेकर मुलामुलींच्या बोलण्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: विद्यापीठ यूजीसीचं, कॉलेजला नॅकचा ‘ए’, मग न चालायला काय झालं? घोटाळा इथूनच सुरू होतो. यूजीसी आणि नॅक यांचा शब्द भारतात अखेरचा. सीमा ओलांडली की आपली पदवी हीच ‘परदेशी पदवी’ होते आणि तिला काय किंमत द्यायची हे तिथला विचारणारा ठरवतो. हा विचारणारा कधी व्हिसा अधिकारी असतो, कधी विद्यापीठ, कधी नोकरी देणारी कंपनी, तर कधी डॉक्टरांना परवाना देणारी परिषद. प्रत्येकाचा प्रश्न निराळा, त्यामुळे उत्तरही निराळं. सगळीकडे चालेल अशी एकच मान्यता कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ‘मान्यता आहे का?’ असं विचारण्याआधी ‘कोणाला हवी आहे आणि कशासाठी?’ हे विचारलं, तर निम्मी धावपळ वाचते.

जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यात आता साहित्यापेक्षा ‘ब्लू कार्ड’ हा तिथला नोकरी-निवासाचा परवाना असतो. तिथे परदेशी पदव्यांची ‘अनाबिन’ नावाची सरकारी, सर्वांना खुली नोंदवही आहे. तिची माहिती बॉनमधलं ‘झाब’ हे केंद्रीय कार्यालय सांभाळतं. संस्थेच्या नावापुढे ‘एच प्लस’ दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण एच प्लसचा अर्थ एवढाच, की जर्मनी त्या संस्थेला उच्च शिक्षणसंस्था मानते. तुमच्या पदवीचं काय, याची नोंद वेगळी असते आणि तीही पाहावी लागते. ती ‘समतुल्य’ किंवा ‘जुळणारी’ अशा शेऱ्यासह सापडली, तर दोन्ही नोंदींच्या छापील प्रती व्हिसाच्या अर्जाला जोडून सहसा भागतं. पदवी यादीत नसेल किंवा ‘मर्यादित तुलना’ असा शेरा असेल, तर झाबकडून तुलनापत्र मागवायचं. त्याचं शुल्क २०८ युरो आहे. म्हणजे जर्मनच्या एकाच वर्गातल्या एकाला झाबची पायरी चढावी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर त्यात वशिला वगैरे काही नसतो. एकाच्या प्रश्नाचं उत्तर नोंदवहीत आधीच लिहिलेलं असतं, इतकंच.

शोधतानाही पुण्याच्या मंडळींची एक खास फसगत होते. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. फर्ग्युसन असो की मॉडर्न, कॉलेजच्या नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही किंवा भलतंच लागतं. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचं पाहा: ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं २०२२ मध्ये. कॉलेजला स्वायत्तता होती म्हणून आपली पदवीही कॉलेजचीच, असं जुन्या विद्यार्थ्यांना वाटतं, पण २०१५ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या इंजिनिअरच्या पदवीपत्रावर नाव आहे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच्या इंजिनिअरच्या कागदावर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ असतं, कारण नामविस्तार झाला २०१४ मध्ये. परदेशातल्या कारकुनाला ही दोन विद्यापीठं वाटली, तर त्याला दोष कसा द्यावा? अर्जात नाव पदवीपत्रावर आहे तसंच लिहावं आणि नावातल्या बदलाचा एका ओळीत खुलासा करावा. ट्रान्सक्रिप्टवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का, हेही तेव्हाच पाहून घ्यावं.

दुसरा घट्ट बसलेला समज म्हणजे अपॉस्टिल झालं की मान्यता मिळाली. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, असे शिक्के मारून घेण्यात पैसे आणि आठवडे जातात. त्यामुळे त्यातून काहीतरी भरीव मिळालं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अपॉस्टिल सांगतं ते सही आणि शिक्का खरे आहेत एवढंच. अभ्यासक्रमाच्या दर्जाबद्दल ते अवाक्षर काढत नाही. शिवाय ते सगळीकडे लागूही पडत नाही. भारत २००५ मध्ये हेग अपॉस्टिल करारात आला, तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागूच झाला नाही. दुबई-अबुधाबीचा देश करारात नाही, म्हणून तिथे दूतावासाच्या साक्षांकनाचा जुना रस्ता. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या स्थलांतर योजनेसाठी आणखी तिसरीच तऱ्हा: ‘डब्ल्यूईएस’सारख्या ठरवून दिलेल्या संस्थेचा अहवाल लागतो, आणि विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट त्या संस्थेकडे पाठवावी लागते. तो अहवाल पाच वर्षं ग्राह्य असतो. जर्मन अधिकाऱ्यापुढे तो ठेवला तर त्याने नाक मुरडण्याचंही कारण नाही, कारण त्याने तो मागितलेलाच नसतो.

एकाच देशात, एकाच पदवीला दोन उत्तरं मिळू शकतात, याचा सर्वांत ठसठशीत दाखला अमेरिकेचा आहे. पुण्यात ‘बीसीएस’, म्हणजे संगणकशास्त्राची बी.एस्सी., केलेल्यांना तो चांगलाच भोवतो. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची सहसा मानली जात नाही. तरी एच-वन-बी व्हिसाच्या नियमांत वाट आहे: कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षासाठी तीन वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव धरता येतो. याच जोरावर माणूस तिथे पोहोचतो, वर्षानुवर्षं काम करतो आणि समजतो की डिग्रीचा प्रश्न मिटला. मग ग्रीन कार्डच्या पदवीवर आधारलेल्या वर्गात अर्ज करताना तीच पदवी अडते, कारण तिथे अनुभवाची ठिगळं जोडलेली पदवी सहसा चालत नाही, एकसंध समतुल्य पदवी लागते. भारतीय बी.एस्सी.बद्दलचा हा पायंडा १९७७ च्या ‘मॅटर ऑफ शाह’ या निर्णयापासूनचा आहे. ‘इतकी वर्षं चालली, आता का नाही?’ हा संताप समजण्यासारखा आहे, पण दरम्यान प्रश्न बदललेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग दोन सरकारांनी करार करून हा छळ एकदाचा थांबवावा. करार झालेत, पण त्यांची कुंपणं वाचण्यासारखी आहेत. भारत-ब्रिटन सामंजस्य करार जुलै २०२२ मध्ये झाला. त्याने शैक्षणिक पदव्यांना परस्पर मान्यता दिली, मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुकला या व्यावसायिक पदव्या बाहेर ठेवल्या. ज्यांना परदेशी नोकरीसाठी मान्यतेची निकड जास्त, तेच नेमके वगळलेले! अभियंत्यांसाठी वॉशिंग्टन करार आहे आणि भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सदस्य आहे, पण तो लागू होतो राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने (एनबीए) पहिल्या श्रेणीत मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांना. तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मंजुरी ही त्याहून वेगळी गोष्ट. शिवाय त्या कराराने व्हिसा मिळत नाही.

व्यावसायिक पदव्या वगळण्यामागे निव्वळ आडमुठेपणा आहे असंही नाही. रुग्णाच्या जिवाशी गाठ असेल तिथे प्रत्येक देश परवाना आपल्या हातात ठेवतो, आणि त्यात राजकारणही मिसळतं. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता थांबवली आणि त्या वादातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. पुढे परत आलेली आपोआप मान्यता १९७५ मध्ये पुन्हा गेली आणि परीक्षा आली. आज बी. जे. मेडिकलचा एमबीबीएस जर्मनीत गेला तर त्याला त्या-त्या प्रांताच्या अधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा लागतो आणि वैद्यकीय जर्मनची परीक्षा द्यावी लागते. शिक्षण तोडीचं ठरलं नाही, तर ज्ञानाचीही. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा परिचारिकांच्या घरी ‘आता सरळ जाता येईल’ असं वाटणं साहजिक होतं. पण सरकारी करार परवान्याची जागा घेत नाही. त्यांच्या हाती आधी उणिवांची यादी असलेलं पत्र येऊ शकतं, आणि त्या उणिवा प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढाव्या लागतात. हे पत्र पाहून अर्ज फेटाळला गेला असं समजून घाबरणारेही असतात. ते तसं नसतं. पुढची वाट त्यातच लिहिलेली असते.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: पदवीला मान्यता नाही, म्हणजे दार बंद. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवायही ब्लू कार्डची सोय केली. मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा उच्च दर्जाचा अनुभव हवा आणि ठरलेला पगार हवा. २०२५ साठी तो वर्षाला ४३,७५९.८० युरो होता. इथे विचारणाऱ्याचा प्रश्न कॉलेजबद्दल नसतोच. गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून आणलेल्या ट्रान्सक्रिप्टपेक्षा हिंजवडीतल्या जुन्या कंपनीचं अनुभवपत्र अशा वेळी वजनदार ठरतं, आणि त्यात ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, अमुक तारीख ते तमुक तारीख’ एवढंच असून भागत नाही. काम नेमकं कोणतं, कोणत्या पातळीचं, जबाबदारी किती, हे तपशीलवार लिहून घ्यावं लागतं, आणि ते नोकरी सोडतानाच घेतलेलं बरं. दोन वर्षांनी एचआरमधली माणसं बदललेली असतात.