लोणारच्या काठावर पाया किती खोल खणायचा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या मंडपात उभे राहिले की खांब किती जवळजवळ आहेत ते लगेच जाणवते. ते बांधणाऱ्या कारागिरांच्या कौशल्यात काही कमी नव्हते. दगडानेच त्यांना तेवढी मुभा दिली होती. दगड दाबाला पक्का आणि ओढीला कच्चा असतो. दोन खांबांवर शिळा आडवी ठेवली की ती स्वतःच्या वजनाने किंचित वाकते, तिची खालची बाजू ताणली जाते आणि बेसाल्टसारखा कठीण दगडही त्या ताणाने तडकू शकतो. म्हणून अंतर कमी, खांब जास्त. काँक्रीटचा स्वभावही असाच. आरसीसी स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया घालतात त्या काँक्रीटला न झेपणारी ओढ सोसायला.

आता याच्या अगदी उलट्या तत्त्वावर उभ्या राहणाऱ्या इमारतींचा विचार करू. त्यांचे छत आणि पुष्कळदा भिंतीही कापडाच्या असतात. हे कापड दाब घेऊच शकत नाही, ते फक्त ताण घेते. पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये, स्टेडियमच्या पायऱ्यांवर पांढरी टोकदार ‘टेन्साइल शेड’ आपण सर्रास पाहतो. तिचीच मोठी भावंडे म्हणजे कारखान्यात तयार करून, ट्रकवर लादून आणून, जागेवर नट-बोल्टने जोडलेल्या संपूर्ण कापडी इमारती. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा सांगाडा उभारायचा, त्यावर कापड ओढून ताणायचे, की इमारत तयार. पारंपरिक बांधकामापेक्षा ही पद्धत कुठे सरस ठरते, हा प्रश्न इतरत्र पैशाचा आणि वेळेचा असतो. लोणारला तो जमिनीचाही आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. उल्का आदळली तेव्हा दख्खनच्या बेसाल्टचे तुकडे उडून चहूबाजूंना पसरले. विवराचा काठ भोवतालच्या सपाटीपेक्षा वीसेक मीटर उंच दिसतो तो याच धक्क्यामुळे: खडकाचे थर वर उचलले गेले, काही ठिकाणी पान उलटावे तसे पालथे झाले आणि त्यावर फेकलेल्या मलब्याचे जाड आवरण बसले. हे आवरण काठापासून बाहेर एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत सापडते. टकरीच्या उष्णतेने वितळून झालेली काच आणि धक्क्याने बदललेली खनिजे या परिसरातच मिळतात. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारवरचा जो प्रसिद्ध शोधनिबंध आला, त्याचा आधार विवरातल्या सरोवराच्या तळाशी घेतलेली बोअर आणि असेच खडकांचे नमुने होते. विवराचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जात असे. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. म्हणजे या मातीला विचारायचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. बेसाल्ट खडकात झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचाच असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणारेही लोणारकडे वळतात.

इथे जेसीबी लावून पायाचे खड्डे घेतले की नुसता मुरूम निघत नाही, पुरावाही निघतो. एकदा उकरून भरावात टाकलेला थर कोणताही शास्त्रज्ञ पुन्हा जागेवर लावू शकत नाही.

आणि बांधकामाची गरज तर वाढतच जाणार. २००० साली अभयारण्य, २०२० साली रामसर पाणथळ स्थळ, त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याने देशभर झालेला बोलबाला. पर्यटक येतात, शाळांच्या सहली येतात, संशोधक येतात. त्यांना सावली हवी, माहिती देणारे दालन हवे, स्वच्छतागृह हवे. हे सगळे विटा-सिमेंटचेच असले पाहिजे का?

कापडी छताचे विज्ञान समजून घ्यायला घरातली चादर पुरते. चौघांनी चार कोपरे धरून ती आडवी ताणावी. कितीही ओढली तरी मधोमध थोडी पोक पडते आणि वारा आला की फडफडते. आता समोरासमोरच्या दोघांनी आपले कोपरे वर उचलावेत आणि उरलेल्या दोघांनी खाली ओढावेत. चादर घोड्याच्या खोगिरासारखी होते आणि एकदम ताठ बसते. एका दिशेचे धागे छताला खाली पडू देत नाहीत, दुसऱ्या दिशेचे धागे त्याला वर उडू देत नाहीत. दोन्ही एकमेकांवर ओढ ठेवून असतात, म्हणून वाऱ्याचा झोत कुठूनही आला तरी त्याला अडवणारे धागे आधीच सज्ज असतात. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओट्टो यांनी असे आकार शोधण्यासाठी तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून बघितल्या. साबणाचा पापुद्रा आपोआप सर्वत्र सारख्या ताणाचा आकार घेतो. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमचे छत त्यांच्या या अभ्यासातून घडले. आज हे काम संगणक करतो: आकार ठरवतो, त्याच्या पट्ट्या कापायला देतो, आणि शिंप्याने बेतावेत तसे कापलेले ते तुकडे कारखान्यात उष्णतेने सांधले जातात.

कापडही साधे नसते. पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप, किंवा काचतंतूंच्या विणीवर टेफ्लॉनचा. पहिल्या प्रकारातल्या मध्यम प्रतीच्या कापडाची पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी तोडायला सुमारे ४०० किलोची ओढ लागते. वजन मात्र चौरस मीटरला एक किलोच्या आसपास. पाच इंची आरसीसी स्लॅब त्याच एका चौरस मीटरला ३०० किलो भरतो. दहा मीटर लांब-रुंद दालनावर एकीकडे ३० टनांचा स्लॅब, दुसरीकडे शंभर किलोचे कापड. भिंती, तुळया, खांब, पाया हे सगळे त्या ३० टनांच्या हिशेबाने जाड होत जाते. सेंट्रिंग लावायचे, स्लॅब भरायचा, मग दिवसेंदिवस क्युरिंगचे पाणी मारायचे. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात ते पाणीही कुणाच्या तरी घागरीतूनच कमी होते. काळ्या मातीत पाया असेल तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना चिरा पडतात. हलक्या, लवचिक सांगाड्याला ही हालचाल पुष्कळ सोसते, आणि सैल झालेले कापड पुन्हा ताणून घेता येते.

पण हलकेपणाची किंमत असते, आणि ती वाऱ्याच्या वेळी मोजावी लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेत रचनेसाठी धरायचा मूळ वाऱ्याचा वेग छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) सेकंदाला ३९ मीटर आहे, नागपूरला ४४. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा ढोबळमानाने चौरस मीटरवर ९६ किलोइतका जोर लावतो, आणि छपरावर हा जोर बऱ्याचदा वरच्या दिशेने ओढणारा असतो. एक किलोचे कापड आणि त्याला उचलू पाहणारे शंभरेक किलो! दगडी देऊळ आपल्या वजनावर निश्चिंत उभे असते. कापडी इमारतीला धोका पडण्याचा नसून उडण्याचा आहे. म्हणून तिचा पाया ओझे पेलण्यापेक्षा धरून ठेवण्याचे काम करतो. मळसूत्री लोखंडी खांब जमिनीत फिरवून बसवतात, किंवा खडकात बारीक छिद्र पाडून त्यात पोलादी अँकर रोवतात. पायाचे चर खणण्याच्या तुलनेत इथे जमिनीला टोचणी तेवढी लागते. मात्र लोणारच्या काठावरचा मलबा एकजिनसी नाही. कुठे धोंडे, कुठे भुसभुशीत भर. प्रत्येक अँकर प्रत्यक्ष ओढून तपासल्याशिवाय तिथे कापड ताणणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्या कंत्राटात ही चाचणी लिहिलेली नाही, ते कंत्राट देऊ नये.

उभारणीचा वेग आणि मर्यादा, दोन्हींचा पुरावा महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर एमएमआरडीएने सुमारे हजार खाटांचे कोविड रुग्णालय पंधरवड्याच्या आसपास उभे केले. धातूच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे ते तंबू होते. विटांच्या रुग्णालयाला तेवढ्या दिवसांत पायाही झाला नसता. त्या मैदानाने रुग्णांचे प्राण वाचवले. पण ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकणार म्हणताच तिथल्या रुग्णांना खबरदारी म्हणून दुसरीकडे हलवावे लागले, आणि २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळीही तेच झाले. घाईने उभारलेला तंबू आणि त्या जागेच्या वाऱ्याचे गणित करून, अँकर तपासून बांधलेली कापडी इमारत यांत फरक आहे. जेद्दाह विमानतळावरच्या हज टर्मिनलवर १९८१ पासून टेफ्लॉन-काचतंतूच्या २१० छत्र्या ताणलेल्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर लांब-रुंद.

विदर्भाच्या माणसाला पहिली शंका उन्हाची येणार, आणि ती रास्त आहे. पांढरे कापड ऊन बरेचसे परतवते आणि थोडा प्रकाश आत झिरपू देते, त्यामुळे दिवसा दिवे लागत नाहीत. पण कापडाला जाडी नाही, आणि जाड दगडी भिंत जशी दुपारची उष्णता स्वतःत मुरवून आत गारवा ठेवते तसे कापडाला जमत नाही. यावर उपाय हवेचा. बाजू मोकळ्या ठेवायच्या, छताचे टोक उंच न्यायचे आणि तिथे झरोका ठेवायचा, म्हणजे तापलेली हवा वरून निसटते आणि खालून ताजी आत येते. जेद्दाहच्या छत्र्यांना याच कारणासाठी माथ्याशी उघडे कडे आहे. बंद दालन हवे असेल तर कापडाचे दोन थर आणि मध्ये उष्णतारोधक थर घ्यावा लागतो. मग खर्च वाढतो.

राहिले टिकाऊपण. पीव्हीसीचे कापड उन्हातल्या अतिनील किरणांनी पंधरा-वीस वर्षांत थकते, टेफ्लॉनचे त्याहून पुष्कळ जास्त टिकते. सैल पडलेल्या जागी पावसाचे पाणी साचले की खळगा वाढत जातो आणि कापड फाटू शकते, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी ताण तपासून घ्यावाच लागतो. जुन्या पीव्हीसी कापडाची विल्हेवाट हीही डोकेदुखी आहे. ते जाळायचे तर विषारी धूर होतो. राहत्या घराला, शाळेच्या कायम इमारतीला, ग्रामीण रुग्णालयाला मी ही पद्धत सुचवणार नाही. तिथे चांगल्या विटांची भिंतच हवी.

आणखी एक गैरसमज दूर झालेला बरा. कापडी इमारत ‘तात्पुरती’ म्हणून नियमांतून सुटत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अभयारण्याचे नियम वेगळेच. विवराच्या आत, सरोवराच्या काठाशी तर कापडाचे काय आणि सिमेंटचे काय, काहीच उभे राहू नये.

विवराबाहेर मात्र पर्यटकांची सावली, प्रदर्शनाचे दालन, संशोधकांची हंगामी छावणी या तीन कामांसाठी लोणारला कापडी इमारतच योग्य. गरज बदलली तर ती सोडवून दुसरीकडे नेता येते, आणि मागे उरतात ती बोटावर मोजण्याइतकी छिद्रे. लोणारमध्ये यापुढे कोणत्याही बांधकामाचा आराखडा मंजुरीला आला, तर जिल्हा प्रशासनाने आणि गावकऱ्यांनी खर्चाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा: यासाठी किती घनमीटर माती उकरावी लागणार आहे, आणि ती उकरण्याआधी भूशास्त्रज्ञाने पाहिली आहे का?