गेटच्या आतला हक्क

चाकण, म्हाळुंगे, भोसरी या पट्ट्यात नवी युनियन बांधायची, तर पावत्या फाडायच्या त्या चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, नाहीतर कामगारांच्या भाड्याच्या खोलीवर. गेटच्या आत पाऊल ठेवायचा हक्क संघटनेला आहे की नाही? मी वकील नाही. कायदे वाचत वाचतच शिकलो. तेवढ्या शिदोरीवर हे लिहितो आहे.

हक्क आहे, पण उशिरा मिळतो. महाराष्ट्राच्या १९७१च्या ‘एमआरटीयू-पल्प’ कायद्याचे कलम २० पाहा. मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत प्रतिनिधींना पगारवाटपाच्या जागी वर्गणी गोळा करता येते, आवारात सूचनाफलक लावता येतो, वाद मिटवण्यासाठी सभासदांशी आवारातच बोलता येते, गरज पडल्यास कामाची जागाही पाहता येते. तपशील नियमांत असला तरी हक्क कलमातच लिहिलेला आहे. मेख मान्यतेत आहे. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवायचे, मग दार उघडणार. ती माणसे जमवायची मात्र गेटबाहेरच. ऑस्ट्रेलियात परवानाधारक प्रतिनिधी साधारणपणे २४ तासांची सूचना देऊन आत जातो आणि जेवणाच्या सुट्टीत, अजून सभासद न झालेल्यांशीही बोलतो.

याच १९७१च्या कायद्याने संपासाठी १४ दिवसांची नोटीसही सक्तीची केली. मला हा सरळ व्यवहार वाटतो: नोटीस द्या, आत या.

आता संसदेकडे वळू. औद्योगिक संबंध संहितेचे २०१९चे विधेयक भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने तपासले. अहवाल एप्रिल २०२०मध्ये आला. कपात आणि कारखानाबंदीच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर न्यावी, असे समितीने सुचवले. ते मान्य झाले. संपाच्या नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरतीच ठेवावी, असेही सुचवले होते. ते मान्य झाले नाही. सुधारित विधेयक १९ सप्टेंबर २०२० रोजी मांडले गेले आणि २३ तारखेला राज्यसभेत, विरोधकांच्या बहिष्कारात, संमत झाले. पुन्हा समितीकडे गेलेच नाही.

त्यामुळे १४ दिवसांची नोटीस कलम ६२मध्ये पक्की बसली. आणि गेटच्या आतल्या सोयी? कलम १४मध्ये एक ओळ आहे: वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला द्यायच्या सुविधा नियमांनी ठरतील. म्हणजे नोटीस संसदेने ठरवली, प्रवेश सरकारी खात्यावर सोडला. हा व्यवहार मला एकतर्फी वाटतो.

एकापेक्षा अधिक संघटना असतील, तर एकट्याने वाटाघाटी करायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. चाकणमध्ये लाइनवर शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार कंत्राटदाराच्या पटावर असतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात शिकाऊ उमेदवारही ‘कामगार’ होता. संहितेने त्याला व्याख्येतून वगळले.

संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांच्या यादीत १९७१चा आपला कायदा नाही. पण त्याला मिळालेली राष्ट्रपतींची संमती आधीच्या केंद्रीय कायद्यापुरती ढाल ठरते, नंतरच्या नव्हे. विसंगती निघाली तर प्रश्न राज्यघटनेच्या कलम २५४पाशी जाईल.

आपल्याकडच्या खासगी कारखान्यांसाठी नियम करते राज्य सरकार. मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर हरकती घेता येतात, आणि अंतिम नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. युनियनच्या कार्यालयांत संहितेची प्रत दिसते. त्या मसुद्याची प्रतही तिच्या शेजारी असायला हवी.